पाच बैसा

"विकून टाक बेटी. सगळे. जो भाव मिळेल तो घे, पण आज विक."

फोनवर हुमैद काका होते. भिंतीवरच्या घड्याळात बारा पन्नास झाले होते, एक वाजता बाजार बंद होणार होता, आणि वार गुरुवार होता. मस्कतला आठवडा गुरुवारी संपतो. शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी पुन्हा बाजार. मी म्हटलं, एवढी कसली घाई काका? भाव सहाशे वीस आहे, वाईट नाही. तिकडे व्हिएन्नात तेलवाल्या देशांची बैठक चालू आहे, संध्याकाळपर्यंत उत्पादन कमी करायचं ठरेल, तेल चढेल, आणि रविवारी तुमचे शेअर उड्या मारतील. सगळं ऑफिस सकाळपासून हेच म्हणत होतं, तेव्हा मीही तेच म्हटलं.

"कमी करणार नाहीत," काका म्हणाले. "काटा हळूहळू खाली येत असला की त्याच्याकडे बघत बसायचं नसतं. तू विक."

मी विकते म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या वेळी मी रुवी भागातल्या एका दलाली पेढीत डीलर होते. नाव भारदस्त आहे, काम साधं. कानाला फोन, समोर दोन स्क्रीन, गिऱ्हाईक सांगेल ते घ्यायचं नि सांगेल ते विकायचं. माझी बरीचशी गिऱ्हाइकं वयस्कर ओमानी माणसं होती आणि त्यांत हुमैद बिन नासर सगळ्यांत लाडके. सत्तरी ओलांडलेली, अंगात पांढराशुभ्र पायघोळ झगा, हातात बारीक काठी. तीस वर्षं वाळवंटात तेलाच्या विहिरींवर काढलेली, दाबाचे काटे बघण्यात जन्म गेलेला. तिथे बरोबरचे कामगार आपल्याकडचे, त्यामुळे हिंदी मोडकी पण झकास. अक्षरओळख मात्र नव्हती, कागदावर अंगठा द्यायचे. मी त्यांना चाचा म्हणायचे. मनात काकाच म्हणायचे, म्हणून इथेही काकाच म्हणते.

निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी एका सिमेंट कंपनीचे वीस हजार शेअर घेतले होते. त्या उन्हाळ्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं तेलाचं पिंप दिवाळीनंतर ऐंशीच्याही खाली आलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, माझं तर सिमेंट, तेल पडलं तर माझ्या शेअरला का धाप लागते? मी समजावून सांगितलं. या देशात सरकारच्या तिजोरीत येतो तो पैसा तेलाचा. रस्ते, पूल, इस्पितळं सगळं सरकार बांधणार. तेल पडलं की सरकार हात आखडतं, मग कंत्राटदार थांबतो, सिमेंटच्या गोण्या गोदामात पडून राहतात, कर्ज दिलेल्या बँकेला घाम फुटतो. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे आमच्या फलजसारखं," ते म्हणाले. "डोंगरात पाणी कमी झालं की सगळ्यात आधी शेवटच्या बागेला कळतं. माझी बाग शेवटची आहे."

डोंगरातून गावात येणाऱ्या पाण्याच्या पाटाला तिकडे फलज म्हणतात. आमच्या आरवलीच्या पोफळीच्या बागेत पाटाच्या पाण्याची पाळी असायची, तशी तिथेही असते. फरक एवढाच, की तिथे पाळीचा वेळ ही जमिनीसारखी मालमत्ता असते, विकता येते, विकत घेता येते. काकांच्या वडिलांचा आठवड्याला अर्धा तास होता. काका तरुणपणी तेलाच्या नोकरीवर गेले, बागेत राबायला कोणी उरलं नाही आणि वडिलांनी तो अर्धा तास विकून टाकला. काका परत आले तेव्हा बाग होती, पाणी दुसऱ्याचं होतं. तेव्हापासून ते तोच अर्धा तास दर आठवड्याला भाड्याने घेऊन चाळीस खजुराची झाडं जगवत होते. आता त्या पाण्याचा मालक वारला होता आणि पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी नमाजानंतर त्याचे वारस लिलाव करणार होते. गावातल्या एकाने सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी खोल्या आणि पोहण्याचा तलाव बांधायला काढला होता, त्याचाही डोळा त्या अर्ध्या तासावर होता. एकदा ते पाणी त्याच्या तलावात पडायला लागलं, की भाड्याने मिळण्याची आशाच नको. काकांना शेअर विकायचे होते ते वडिलांचं पाणी परत घेण्यासाठी.

हे सगळं मला ठाऊक होतं. तोंडपाठ होतं म्हणा ना.

तर बारा बावन्न झाले होते. सहाशे वीस बैसाला घेणारे स्क्रीनवर उभे होते. हजार बैसांचा एक रियाल. एक बटण दाबलं असतं तर दोन मिनिटांत वीस हजार शेअर गेले असते.

मी भाव टाकला सहाशे पंचवीस.

का टाकला? शहाणपणा, दुसरं काही नाही. पाच बैसा जास्त म्हणजे वीस हजारांवर शंभर रियाल. काकांना वरचे शंभर रियाल मिळवून द्यावेत, मग त्यांनी ऑफिसात येऊन आमच्या मॅनेजर वर्गीस साहेबांच्या समोर 'तुमची हेमा फार हुशार' असं म्हणावं, आणि ते सगळ्यांनी ऐकावं. याआधी दोनदा तसं झालं होतं आणि मला त्याची चटक लागली होती. शिवाय बाजार चढणारच याची खात्री होती. दुसऱ्याच्या पैशावर माणसाला फार लवकर खात्री वाटते.

बारा पंचावन्नला घेणारे सहाशे अठरावर सरकले. अजून पाच मिनिटं होती, भाव खाली आणता आला असता. पण मघाशी सहाशे वीस हातचे सोडले आणि आता अठरा घ्यायचे, हे मेलं मनाला पटेना. बघू, बघू करत बसले. एक वाजला आणि स्क्रीनवरचे आकडे जिथल्या तिथे थिजले.

एक वाजून पाच मिनिटांनी काकांचा फोन आला. काय झालं, एवढंच विचारलं त्यांनी.

"गिऱ्हाईकच नव्हतं काका."

"नव्हतं?"

"नव्हतं."

मग म्हणाले, "बरं. उद्या येताय ना? मुलीला नक्की आण."

त्यांच्या गावी जायचं महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं. माझी केतकी तेव्हा दहावीत होती, तिच्या भूगोलाच्या कुठल्याशा प्रकल्पासाठी तिला फलज बघायचा होता. मी हो म्हटलं.

संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. उत्पादन कमी करणार नाहीत. शुक्रवारी सकाळी उठून बघते तर जगभरात तेल कोसळलेलं. आणि आमचा बाजार बंद, कुलूप लावल्यासारखा. आता दोन दिवस सगळ्या देशाला माहीत होतं की रविवारी दहा वाजता काय होणार आहे, आणि कोणालाही काही विकता येणार नव्हतं.

आमच्या पेढीचा एक नियम होता. ऑर्डर टाकताना डीलरची चूक झाली आणि बाजार पुन्हा उघडायच्या आत त्याने ती स्वतः कबूल केली, तर गिऱ्हाइकाचं नुकसान पेढी भरून द्यायची. एकदा बाजार उघडला की मग काही नाही. कबूल करणाऱ्याची नोकरी मात्र जायची. आदल्याच वर्षी मंगळूरचा एक जण असाच गेला होता, महिन्याभरात बायकोमुलांसकट विमानात बसला. जयवंतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी ऑगस्टमध्येच सुटली होती. घरभाडं, गाडीचे हप्ते, केतकीची फी, सगळं माझ्या पगारावर. दहावीची परीक्षा मार्चमध्ये. म्हणजे एका बाजूला काकांची बाग आणि दुसऱ्या बाजूला माझं घर, आणि मधे रविवारी सकाळी दहापर्यंतचा वेळ. जयवंतला मी यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे शुक्रवारी तिघं निघालो. दीड-पावणेदोन तासांचा रस्ता. गाव डोंगराच्या पायथ्याशी, राखाडी उघडे डोंगर आणि खाली अचानक खजुराची हिरवीगार झाडी. काका रस्त्यावर येऊन उभे होते. नमाज नुकताच झाला होता. त्यांची मुलगी शम्सा, मस्कतला शाळेत शिकवायची, तीही घरी आली होती. तिने आम्हाला बागेत चटईवर बसवलं, एका मोठ्या थाळ्यात भात आणि मटण आणलं. जयवंत आणि केतकी आडवा हात मारत होते. मी भात नुसता चिवडत होते.

जेवणानंतर कॉफी. त्यांची कॉफी कडू, वेलची घातलेली, कप अगदी बोटभर. पुरे झाली की कप हातात थोडा हलवायचा असतो, नाहीतर यजमान ओततच राहतो. सहा वर्षं तिथे राहून मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी मी कप नुसता पुढे धरत होते आणि काका ओतत होते. पाच झाले, सहा झाले. काका माझ्याकडे बघत होते, आणि ओतत होते.

मग त्यांनी केतकीला फलज दाखवला. हातभर रुंदीचा पाट, स्वच्छ पाणी, पोटरीएवढं खोल. मोकळ्या जागेत एक खांब रोवलेला आणि जमिनीवर दगडांच्या खुणा. खांबाची सावली एका खुणेवरून दुसरीवर गेली की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू. केतकी वहीत चित्र काढायला लागली. काका तिच्या शेजारी दगडावर बसले आणि सांगायला लागले. सांगत होते तिला, मी मागे उभी होते.

ते आठ-नऊ वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना पाळीवर बसवलं होतं. सावली खुणेवर आली की दगड आणि फडकी घालून आपलं दार बंद करायचं आणि शेजाऱ्याचं उघडायचं. एके दिवशी त्यांनी सावली खुणेच्या पुढे बोटभर जाऊ दिली. आपल्या झाडांना थोडं जास्त पाणी मिळेल, वडील शाबासकी देतील, एवढंच मनात होतं. कोणी बघितलं नाही. पण वडिलांना बागेत आल्या आल्या कळलं, ओल कुठपर्यंत गेलीय त्यावरून. वडील काही बोलले नाहीत. दिवसभर बोलले नाहीत.

"मग?" केतकीने विचारलं.

"मग संध्याकाळी मी जाऊन सांगितलं. वडील म्हणाले, मी वाटच बघत होतो. आमच्यात तसा कायदा आहे. चुकून घेतलेलं पाणी पुढच्या पाळीला परत देता येतं. कोणी रागावत नाही, कोणी हसत नाही. फक्त पुढची पाळी सुरू व्हायच्या आत सांगावं लागतं."

"आणि सांगितलं नसतं तर?"

"तर ते पाणी गेलंच की, बेटा," काका म्हणाले. आणि मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हेमा, तू गप्प का आज? बरं नाही का?"

मी म्हटलं, डोकं दुखतंय जरा. ऊन लागलं असेल.

"सांग काय हवं ते. आपण घरचीच माणसं आहोत."

शब्द अगदी जिभेवर आले होते. केतकी वही घेऊन समोर बसली होती, खांबाची सावली मोजत होती, जीभ बाहेर काढून. मी म्हटलं, काही नको काका, गोळी घेतली की बरं वाटेल.

साडेचारला निघालो. काकांनी खजुराच्या पानांची एक टोपली भरून खजूर दिला. गावाबाहेर वळणावर पेट्रोल पंप होता, जयवंतने तिथे गाडी थांबवली. मी खाली उतरले. तिथून मागे झाडी दिसत होती, तिचं शेवटचं टोक म्हणजे काकांची बाग. ऊन पिवळं झालं होतं. मी जयवंतला म्हटलं, गाडी जरा मागे घे.

"काही विसरलीस का?" त्याने विचारलं.

मी उभी राहिले. किती वेळ ते आठवत नाही, पंपावरच्या माणसाने पैसे घेतले, सुटे परत दिले, मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"नाही. चल," म्हटलं, आणि गाडीत बसले.

शनिवारी वर्गीस साहेबांचा नंबर मी चार वेळा लावला आणि वाजायच्या आत चार वेळा तोडला. केतकी आतल्या खोलीत मोठ्याने इतिहास पाठ करत होती. दर वेळी फोन हातात घेतला की तिचा आवाज जास्त मोठा यायचा. असं म्हणणं म्हणजे पोरीवर ढकलणं झालं. आवाज तेवढाच होता. भित्री मी होते.

रविवारी काका स्वतः ऑफिसात आले. गावाहून पहाटे निघून, धुतलेला झगा घालून. गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर पहिल्या रांगेत बसले, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे. दहा वाजले आणि समोरचा फलक वरपासून खालपर्यंत लाल झाला. बँका पडल्या, फोन कंपनी पडली, बिस्किटांचा कारखाना पडला. तेलाचा थेंब ज्यांनी कधी बघितला नव्हता असेही सगळे पडले. सिमेंट पहिल्या तीन मिनिटांत दहा टक्के खाली जाऊन टेकलं. त्याखाली एका दिवसात जाता येत नाही, आणि त्या भावाला विकणाऱ्यांची ही मोठी रांग. घेणारा एकही नाही. आता खरोखरच गिऱ्हाईक नव्हतं.

मी त्यांच्याजवळ गेले. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. डोळे भरून आले होते तेवढं खरं.

"आज खरंच कोणी नाही," काका म्हणाले. माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "रडू नकोस. जा, तुझे फोन वाजतायत."

सोमवारीही कोणी नव्हतं. मंगळवारी पाचशे पाचला एक मोठा घेणारा आला आणि काकांचे शेअर गेले. दहा हजार शंभर रियाल. वर्गीस साहेबांनी माणुसकीने लगेच चेक काढून दिला. शुक्रवारी दुपारी मीच फोन केला, लिलावाचं काय झालं म्हणून. शम्साने उचलला. बोली साडेदहा हजारांवर गेली होती. पाणी तलाववाल्याने घेतलं. अब्बा बागेत बसले आहेत, म्हणाली, देऊ का? मी म्हटलं, नको, राहू दे.

गुरुवारच्या भावाने त्यांच्याकडे बारा हजार चारशे असते.

केतकी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढे बारावी झाली, आम्ही आणखी चार वर्षं राहिलो आणि मग सगळं आवरून वेंगुर्ल्याला आलो. काका दर ईदला फोन करायचे, केतकी काय शिकते विचारायचे. बागेचं मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि दर थंडीत, कोणा ना कोणा येणाऱ्याच्या हाती खजुराची टोपली यायची. तीच, खजुराच्या पानांची, त्यांच्या हातची विणलेली. टोपली येते म्हणजे झाडं जगली असतील, तलाववाल्याने थोडंफार पाणी सोडलं असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. तरी एकही खजूर माझ्या तोंडात गेला नाही. जयवंत विचारायचा, तर मी म्हणायचे साखर वाढलीय. कधी दुपारी माजघरात एकटी असले की ती टोपली मला कॉफी ओतणाऱ्या त्या हातासारखी वाटायची. पुढे धरलेली, वाट बघणारी. मग मी ती उचलून फळीवर मागे ठेवायचे.

यंदा पावसाळा संपताना काका गेले. शम्साने कळवलं होतं. महिन्याभराने तिचा फोन आला.

आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, अब्बांच्या सामानात त्यांचा जुना नोकिया सापडला. चार्ज करून बघितला तर त्यात एकच मेसेज ठेवलेला आहे, बाकी सगळे पुसलेले. इंग्रजीत आहे. तुमच्या पेढीचं नाव आहे, वीस हजार आहे, सहाशे पंचवीस आहे. तारीख अकरा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली, गुरुवार, दुपारचे बारा बावन्न. पेढी तर केव्हाच बंद झाली, विचारणार कोणाला, म्हणून तुम्हाला विचारते. हे काय आहे?

त्याच महिन्यात पेढीने सुरू केलं होतं ते, ऑर्डर टाकली की गिऱ्हाइकाच्या फोनवर आपोआप मेसेज जायचा. आम्ही डीलर लोकांनी त्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. आमच्या म्हाताऱ्यांना वाचता कुठे येतं, असं म्हणून आम्ही हसलो होतो. काकांना अक्षरं येत नव्हती. पण ज्याने तीस वर्षं दाबाचे काटे वाचले त्याला आकडे येत नसतील? भाव सहाशे वीस आहे हे मीच त्यांना फोनवर सांगितलं होतं. मेसेज बघितल्याबरोबर त्यांना कळलं असणार, की मी भाव चढवून मागितला. गिऱ्हाईक नव्हतं असं मी म्हटलं तेव्हा मेसेज त्यांच्या हातात होता. सावलीची ती गोष्ट ते केतकीला सांगत नव्हते.

रागवायचं असतं तर शुक्रवारी रागावले असते. तक्रार करायची असती तर वर्गीस साहेबांकडे एक फोन पुरे होता, माझ्या कॉलचं रेकॉर्डिंग तिथेच होतं. पण मग मी पकडले गेले असते, आणि त्यांना मी पकडली जायला नको होतं. मी सांगायला हवं होतं.

मी शम्साला सगळं सांगितलं. पाच बैसा, शंभर रियाल, चार वेळा तोडलेला फोन, केतकीची दहावी, सगळं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोलले. शाळेत शिकवणारी बाई, शांतपणे ऐकत होती.

मग म्हणाली, "बाग चौथ्या वर्षीच वाळली. तुम्हाला येत होता तो खजूर मस्कतच्या दुकानातला. अब्बा खोकी फोडून टोपलीत भरायचे. मी विचारलं होतं, हे कशाला? म्हणाले, झाडं गेली हे तिला कळायला नको."



"आणि त्या शुक्रवारी," ती म्हणाली, "तुमची गाडी पंपावर थांबलेली आमच्या बागेतून दिसत होती. तुम्ही खाली उतरलात तशी अब्बांनी मला सांगितलं, कॉफी पुन्हा ठेव, ती परत येतेय. आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभे राहिले. गाडी गेली तरी आत येईनात. पार अंधार पडला तेव्हा आले. आम्हाला वाटलं, तुम्ही काहीतरी विसरला होता."